पान जुनं, की चुकीचं?

कोणीही दुरुस्त करू शकेल अशा पानांवर कामाची माहिती लिहून ठेवायची, ही कल्पना मुळात ऑफिसातच जन्मली, याचं मला फार अप्रूप वाटतं. अमेरिकेत ऑरेगनमध्ये टेक्ट्रॉनिक्स ही ऑसिलोस्कोप बनवणारी कंपनी. तिथे १९८०च्या दशकाच्या अखेरीस वॉर्ड कनिंगहॅम यांनी ॲपलच्या हायपरकार्ड या प्रोग्रॅममध्ये माणसं, प्रकल्प आणि कल्पना यांची कार्डं करायला घेतली. एका कार्डावर नसलेल्या कार्डाचं नाव आलं, तर तिथूनच नवं कार्ड उघडता येई. पुढे २५ मार्च १९९५ रोजी त्यांनी विकीविकीवेब सुरू केलं. त्यात न लिहिलेल्या पानाच्या नावापुढे यंत्र प्रश्नचिन्ह ठेवायचं. उणीव यंत्राने दाखवायची, भरायची माणसाने. ही वाटणी मला आजही योग्य वाटते.

ही वाटणी ढळली २००२ साली. विकिपीडियावर 'रॅमबॉट' या प्रोग्रॅमने जनगणनेच्या आकड्यांवरून अमेरिकेतल्या गावाशहरांचे सुमारे ३०,००० लेख टाकले. सगळ्यांचा साचा एकच: लोकसंख्या, क्षेत्रफळ, उत्पन्न. बरीच ओरड झाली. प्रोग्रॅम चालवण्याआधी संमती घ्यायची, हा नियम रुळला तो अशाच वादांतून. पण त्या कोरड्या लेखांत गावकऱ्यांनी पुढे आपल्या शाळा, आपले पूल लिहिले, हेही विसरू नये. विकिपीडियावरच २०१०मध्ये आलेला 'क्लूबॉट एनजी' हा प्रोग्रॅम खोडसाळ बदल ओळखून परतवतो. पण कुठला बदल खोडसाळ, हे त्याला शिकवायला आधी माणसांनीच असंख्य बदल वाचून वेगळे केले.

मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत अशीच पानं, म्हणजे अंतर्गत विकी, सांभाळते. एखाद्या पानाला सहा महिने कोणी हात लावला नाही, की यंत्र त्यावर खूण करून ते माझ्यापुढे आणतं. तुटलेल्या लिंका, मालक नसलेली पानंही दाखवतं. डेटाबेसचा बॅकअप परत चढवायच्या पानावर अशी खूण आली, म्हणून रात्रपाळीच्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, "ताई, चौथी पायरी आम्ही करतच नाही. केली तर जुनी फाइल नव्यावर बसते." पान नीटनेटकं होतं, लिंकाही चालत होत्या, आणि तरी ते घातक होतं. त्याच दिवशी ती पायरी काढली, आणि ती का काढली तेही खाली लिहिलं.

आता यंत्र तक्रारींच्या नोंदी वाचून पानांचा मसुदाही करून देतं. त्याचं मला खरंच साहाय्य होतं, कारण कोऱ्या पानापुढे बसायला कोणालाच वेळ नसतो. मात्र आमच्याकडे प्रत्येक मसुदा ते काम हाताने करणाऱ्याकडे जातो, आणि त्याने वाचून आपलं नाव घातल्याशिवाय पान उघडं होत नाही. बॅकअपच्या पानाखाली आता रात्रपाळीच्या त्या मुलाचं नाव आहे.