बाटलीच्या गळ्यातला चांदीचा बिल्ला

अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये वाइनच्या बाटलीवर नाव नसे. वाइन पिंपातून यायची, तळघरात गडद काचेच्या बाटल्यांत भरली जायची आणि कुठल्या खणात काय ठेवलंय ते खणावरच्या मातीच्या पाटीवरून कळायचं. पंचाईत व्हायची ती वर, जेवणाच्या टेबलावर. पोर्टचा गाळ पेल्यात उतरू नये म्हणून ती डिकँटरमध्ये ओतून घेत. एकदा ओतल्यावर शेरी कुठली आणि मदेरा कुठली, हे नुसत्या रंगावरून कोण सांगणार? म्हणून १७३०च्या दशकात लंडनच्या चांदी कारागिरांनी नाव कोरलेला चिमुकला बिल्ला घडवला. बारीक साखळीनं तो डिकँटरच्या गळ्यात अडकवायचा. तेव्हा त्याला ‘बाटलीचं तिकीट’ म्हणत. सँडीलँड्स ड्रिंकवॉटर हा सुरुवातीच्या कारागिरांपैकी एक; पुढे हेस्टर बेटमनच्या कार्यशाळेतूनही असे बिल्ले बाहेर पडले.

लहान वस्तूंना हॉलमार्कमधून सूट असल्यानं जुन्या बिल्ल्यांवर बहुधा वर्षाचं अक्षर सापडत नाही. कारागिराच्या खुणेवरूनच काळ ठरवावा लागतो. १७९०च्या कायद्यानं या तिकिटांचं नाव घेऊन सूट काढली. संग्राहकांवर त्या कायद्याचे फार उपकार आहेत.

१८६० नंतर ब्रिटिश अर्थमंत्री ग्लॅडस्टनच्या सुधारणांमुळे दुकानात सुटी बाटली मिळू लागली, तिच्यावर कागदी लेबल आलं आणि चांदीच्या बिल्ल्याची गरज ओसरली. आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये त्यांचा मोठा संग्रह आहे.

मला स्वतःला घडणीपेक्षा त्यांवरची नावं मोलाची वाटतात. त्यांत ‘अरॅक’ आहे. त्या काळी इंग्लंडात ‘पंच’ या पेयासाठी गोव्याच्या अरॅकची ख्याती होती, आणि ती गाळली जायची माडाच्या सुरेपासून. गोव्यातले रेंदेर माडावर चढून जी सूर उतरवत, तिचं नातं असं लंडनच्या चांदीशी जुळतं. उलट दिशेनं हा रिवाज इकडेही आला: कलकत्त्याच्या हॅमिल्टन कंपनीनं असे बिल्ले घडवले, आणि हिंदुस्थानात वाघाची नखं चांदीत मढवूनही ते तयार झाले.

दुर्मीळ नाव दिसलं की मात्र आधी बिल्ल्याची पाठ पाहावी. ‘शेरी’ घासून तिथे दुसरं नाव कोरलेलं असेल, तर पत्रा नेमका अक्षरांखाली पातळ लागतो.