स्टीफन्स, स्टीव्हन्स आणि आमचे एस्तेवीस

सासष्टीतल्या एका गावच्या वाचनालयाने मला ख्रिस्तपुराणावर बोलायला बोलावले होते. व्याख्यान संपले, चहा आला आणि एक निवृत्त मास्तर खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले. आडनाव एस्तेवीस. हसत हसत म्हणाले, "बाब, तुमच्या त्या पाद्रीचें स्टीफन्स आनी आमचें एस्तेवीस, एकूच न्हय तें?" मी घाईत उत्तरलो, "नाही हो मास्तर, ते इंग्रजी, तुमचे पोर्तुगीज."

मास्तर थोडे गप्प राहिले. मग म्हणाले, "आडनाव ऐकले की लोक विचारतात, तुमचे पूर्वज पोर्तुगालहून कधी आले? आम्ही तर पिढ्यान् पिढ्या याच गावातले." त्या बोलण्यात चिडण्यापेक्षा थकवाच जास्त होता. घरी येऊन मी पुस्तके काढून बसलो, तेव्हा कळले की मास्तरांचा प्रश्न बरोबर होता आणि माझे उत्तर चूक.

सुरुवात मूळ शब्दापासून करू. ग्रीक भाषेत 'स्तेफानोस' म्हणजे डोक्यावर घालायची पानाफुलांची माळ, शर्यत जिंकणाऱ्याला मिळणारा मुकुट. या नावाचा एक माणूस येशूनंतर थोड्याच वर्षांत जेरुसलेममध्ये दगडांनी ठेचून मारला गेला. ख्रिस्ती धर्मातला तो पहिला हुतात्मा. नाताळच्या दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबरला, त्याचा सण असतो. त्याच्यामुळे हे नाव युरोपभर गेले आणि प्रत्येक भाषेने ते आपल्या तोंडाला सोसेल तसे वळवून घेतले. फ्रेंचमध्ये एतिएन, स्पॅनिशमध्ये एस्तेबान, हंगेरीत इश्तवान, वेल्शमध्ये स्टेफन, पोर्तुगीजमध्ये एस्तेव्हांव. तिसवाडीतले आपले सांत इस्तेव बेट, ज्याला जुने लोक 'शाकेचो जुंवो' म्हणतात आणि जिथली लांबलचक भेंडी आपण बाजारात शोधून घेतो, तेही याच संताच्या नावाचे.

इंग्लंडात हे नाव आधी फारसे नव्हते. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि त्यांच्याबरोबर विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड यांच्या जोडीला स्टीफनही आला. १०८६ च्या डूम्सडे बुक या जमीनपाहणीच्या वहीत तो सापडतो. पुढे ११३५ ते ११५४ या काळात तर स्टीफन नावाचा राजाच गादीवर होता. आते-मामेभावंडांच्या भांडणांनी राज्याची धूळधाण झाली, पण नाव घरोघरी राहिले.

आता अडचण अशी झाली की नवी नावे थोडी आणि माणसे पुष्कळ. एका गावात चार जॉन आणि तीन विल्यम. कर गोळा करणाऱ्या कारकुनाने कुणाच्या नावापुढे काय लिहायचे? मग कुणाला धंद्यावरून ओळखले, कुणाला गावावरून, कुणाला अंगावरच्या खुणेवरून आणि कुणाला बापावरून. साधारण बाराव्या ते चौदाव्या शतकात या ओळखी हळूहळू वंशपरंपरेने चालू लागल्या. श्रीमंतांत आधी, गरिबांत मागाहून. दक्षिणेत आधी, उत्तरेत मागाहून. १५३८ पासून प्रत्येक चर्चने बाप्तिस्मा, लग्ने आणि मृत्यू वहीत नोंदवावेत असा हुकूम निघाला, आणि आडनावे आणखी पक्की झाली.

स्टीफन्स हे बापावरून आलेले आडनाव. शेवटचा 'स्' म्हणजे आपला षष्ठीचा प्रत्यय. जॉन स्टीफन्स म्हणजे स्टीफनचा जॉन, एवढाच सरळ अर्थ. मात्र हा 'चा' दर वेळी मुलाचाच असतो असे नाही. स्टीफनच्या घरचा नोकर किंवा त्याची विधवा यांच्याही नावापुढे तो लागलेला दिसतो.

उत्तर इंग्लंडात मात्र बापाचे नाव सांगण्याची तऱ्हा वेगळी. तिथे 'स्'ऐवजी 'सन' लावायचे, म्हणजे सरळ 'मुलगा'. त्या भागात पूर्वी डेन आणि नॉर्वेजियन लोक येऊन वसले होते, त्यांच्याकडे ही रीत जुनी. म्हणून रेल्वेच्या इंजिनांसाठी प्रसिद्ध असलेला जॉर्ज स्टीफनसन (१७८१–१८४८) उत्तर टोकाच्या नॉर्थंबरलंडचा, आणि 'ट्रेझर आयलंड'चा लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन (१८५०–१८९४) स्कॉटलंडचा. स्कॉटलंडात नुसते 'स्टीफन' असेही आडनाव चालते. व्हर्जिनिया वुल्फचे माहेरचे आडनाव तेच. तिचा काका जेम्स फिट्झजेम्स स्टीफन याने आपला १८७२ चा भारतीय पुरावा कायदा रचला. तो कायदा १ जुलै २०२४ पर्यंत आपल्या न्यायालयांत चालू होता. या घराण्याची मुळे स्कॉटलंडातल्या ॲबर्डीनशरकडची.

'स्'वाले स्टीफन्स मात्र दक्षिणेचे आणि पश्चिमेचे. १८८१ च्या शिरगणतीवरून आडनावांचे नकाशे तयार झाले आहेत. त्यांत हे आडनाव नैर्ऋत्येच्या कॉर्नवॉलमध्ये आणि दक्षिण वेल्समध्ये दाट दिसते आणि उत्तरेकडे विरत जाते. वेल्समध्ये त्याची वाट थोडी वेगळी होती. तिथे सोळाव्या शतकापर्यंत बहुतेकांना कायम आडनाव नव्हतेच. 'अमक्याचा मुलगा तमका' अशी साखळी चाले, आणि ती दर पिढीला बदले. इंग्रजी कायदा आणि कचेऱ्या आल्यावर ही साखळी एका जागी थांबवावी लागली. ज्याचा बाप त्या वेळी स्टेफन होता, त्याचे घराणे कायमचे स्टीफन्स झाले.

यावरून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. स्टीफन्स नावाचा कुणी एक मूळपुरुष नाही. शेकडो गावांत शेकडो स्टीफन होऊन गेले आणि प्रत्येकाच्या घरातून हे आडनाव स्वतंत्रपणे निघाले. 'स्टीफन्स घराण्याचे राजचिन्ह' म्हणून चौकटीत घालून जी चित्रे विकतात, त्यांना म्हणून फारसा अर्थ नाही. इंग्लंडात असे चिन्ह एका व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना मिळते, आडनावाला मिळत नाही.

राहिला उच्चार. आपण अक्षरे पाहून 'स्टीफन्स' म्हणतो. इंग्रज माणूस मात्र हे आडनाव 'स्टीव्हन्स' असेच उच्चारतो. ग्रीकमधला 'फ' जुन्या फ्रेंचमध्ये मऊ होऊन 'व' झाला होता आणि लोकांच्या जिभेवर तोच बसला. 'फ'ची अक्षरे पंडितांनी लॅटिनकडे पाहून राखली. कारकुनाला वाटेल तसे तो लिही, त्यामुळे एकाच घरातले दोघे भाऊ दोन तऱ्हांनी नोंदले गेले तरी कुणाला काही वाटत नसे. पुढे लेखन स्थिरावले तेव्हा कुणाच्या वाट्याला एक रूप आले, कुणाच्या वाट्याला दुसरे.

आपल्या पाद्रीबाबांचेच पाहा ना. थॉमस स्टीफन्स यांचा जन्म साधारण १५४९ चा, विल्टशर परगण्यातल्या बुश्टन या खेड्यातला. वडील लंडनमध्ये व्यापारी. थॉमस रोममध्ये येशूसंघात दाखल झाले, ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघाले आणि २४ ऑक्टोबरला गोव्याला पोहोचले. पोहोचल्यावर १० नोव्हेंबरला त्यांनी वडिलांना सगळ्या प्रवासाचे पत्र लिहिले. ते पत्र पुढे रिचर्ड हॅक्लुट याने आपल्या प्रवासवर्णनांच्या संग्रहात छापले, आणि तिथे बाप-लेक दोघांचेही नाव 'व'ने, म्हणजे 'स्टीव्हन्स' असे आहे. विल्टशर दक्षिणेतला, म्हणून शेवटी 'स्' आला. हेच घराणे नॉर्थंबरलंडचे असते तर ख्रिस्तपुराणाचा कर्ता आपल्याकडे फादर स्टीफनसन म्हणून ओळखला गेला असता!

गोव्यात उतरल्यावर त्यांचे आडनाव पुन्हा बदलले. पोर्तुगीज सहकाऱ्यांनी त्यांना पाद्री एस्तेव्हांव केले. १६१६ साली रायतूरला छापलेल्या ख्रिस्तपुराणावर आणि त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये निघालेल्या कोकणीच्या व्याकरणावर त्यांचे नाव तोमास एस्तेव्हांव असेच आहे. यात त्यांच्या आडनावातला 'स्' गळून पडला. बापाचे नाव सांगणारा तेवढाच तो प्रत्यय! उरले नुसते संताचे नाव. पण गंमत अशी की उच्चारातला 'व' मात्र पोर्तुगिजांनी सांभाळला. तेव्हा आपल्या पाठ्यपुस्तकातल्या 'स्टीफन्स'पेक्षा 'एस्तेव्हांव'मधला 'व' त्यांच्या घरच्या उच्चाराला जवळचा होता, असे म्हणायला हरकत नाही.

जुन्या कागदांत त्यांना आणखी एक नाव आढळते: बुस्तेन, बुस्तोन, बुबस्टन. अभ्यासकांना ते बराच काळ कोड्यात टाकत होते. ते दुसरेतिसरे काही नसून बुश्टन हे त्यांचे जन्मगाव. म्हणजे आपल्या भाषेत बोलायचे तर पाद्रीबाबा 'बुश्टनकर' झाले! केरीचा तो केरकर, बोरीचा तो बोरकर, तसा बुश्टनचा तो बुश्टनकर. इंग्लंडात आडनावे घडण्याच्या ज्या दोन मोठ्या वाटा, बाप आणि गाव, त्या दोन्ही या एका माणसाच्या नावात गोव्याच्या भूमीवर दिसतात.

आता मास्तरांच्या एस्तेवीसकडे येऊ. पोर्तुगीज आडनावांच्या शेवटी जो 'एस' येतो, तोही बापाचे नाव सांगणाराच. फर्नांदोचा तो फर्नांडिस, रॉद्रिगोचा तो रॉड्रिग्स, गोंसालोचा तो गोन्साल्विस. त्याच न्यायाने एस्तेव्हांवचा तो एस्तेवीस. इंग्रजीतला 'स्' आणि पोर्तुगीजमधला 'एस' हे वेगवेगळ्या घरांतले प्रत्यय, पण दोघांचे काम एकच. स्टीफन्स म्हणजेच एस्तेवीस. पाद्रीबाबांचे आडनाव पोर्तुगीजमध्ये अर्थासकट उतरवायचे असते, तर ते एस्तेव्हांव नव्हे, एस्तेवीस असेच झाले असते.

हे आडनाव पुढे जगभर गेले, आणि जाताना प्रत्येक वेळी रक्त बरोबर नेलेच असे नाही. कॉर्नवॉलमधल्या तांब्या-कथलाच्या खाणी एकोणिसाव्या शतकात बसू लागल्या, तेव्हा तिथले खाणकामगार दक्षिण ऑस्ट्रेलिया, अमेरिका, मेक्सिकोपर्यंत गेले. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मूंटाच्या परिसराला 'छोटे कॉर्नवॉल' असेच म्हणतात. त्यांच्याबरोबर स्टीफन्सही गेले. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरचे पोर्ट स्टीफन्स मात्र कुणी तिथे जाऊन वसवले म्हणून नव्हे. १७७० साली कॅप्टन कुकने लंडनमधल्या नौदल कचेरीच्या सचिवाचे, फिलिप स्टीफन्सचे, नाव त्या बंदराला दिले. न्यूझीलंडजवळच्या स्टीफन्स बेटाचेही तसेच. तिथल्या माओरी लोकांचे स्वतःचे नाव त्या बेटाला आधीपासून होते, ताकापोरेवा, आणि आज दोन्ही नावे एकत्र लिहितात.

आज स्टीफन्स सर्वांत जास्त अमेरिकेत आहेत, आणि ते सगळे गोरे नाहीत. कॅरिबियन बेटांत आणि अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामगिरीतल्या माणसांना इंग्रजी आडनावे चिकटली. कधी मालकाचे, कधी बाप्तिस्मा देणाऱ्याने ठेवलेले, कधी सुटका झाल्यावर स्वतः निवडलेले. अशा माणसांच्या नावातल्या 'स्'वरून कॉर्नवॉलमधला बाप शोधायला जाणे म्हणजे त्यांच्या खऱ्या बापाला दुसऱ्यांदा पुसून टाकणे.

गोव्यातही हेच घडले. सोळाव्या-सतराव्या शतकांत तिसवाडी, बार्देश, सासष्टीतल्या घरांचे धर्मांतर झाले तेव्हा पाद्रीचे नाहीतर धर्मपित्याचे आडनाव मिळाले. एकाच वांगडातल्या घरांची आडनावे वेगवेगळी झाली. गावकारीचे कागद, कुळागरे, शेते, बोलणे मात्र इथलेच राहिले. आपण हिंदू गोंयकार आडनावावरून गाव ओळखायला सरावलेले असतो. त्याच सवयीने शेजाऱ्याच्या आडनावावरून त्याचा देशही ठरवून टाकतो. त्या दिवशी मीही तेच केले होते. "तुमचे पोर्तुगीज" हे शब्द माझ्या तोंडून किती सहज निघाले!

मग मी मास्तरांना फोन केला. माळेच्या अर्थापासून बुश्टनकरापर्यंत सगळे सांगितले आणि आधीच्या उत्तराबद्दल माफी मागितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग विचारले, "मागीर ख्रिस्तपुराण आमच्याच एस्तेवीसान बरयलां म्हणूंया?"

म्हटले, "म्हणा मास्तर. आणि कुणी पोर्तुगालचे विचारले, तर तो एस्तेवीस इंग्लंडचा आणि तुम्ही सासष्टीचे, हेही सांगा."