जळू, गोळ्या आणि रक्ताची गुठळी

दोन वर्षांपूर्वी माझ्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवला. तेव्हापासून रक्त गोठू नये म्हणून गोळ्या सुरू आहेत. मध्यंतरी दात घासताना हिरड्यांतून रक्त येऊ लागले, तेव्हा मी शहाणपणा करून चार दिवस गोळ्याच घेतल्या नाहीत. सौ.ला कळले. "अहो, जन्मभर पोरांना नियम शिकवलेत ना?" एवढेच ती म्हणाली. डॉक्टर मात्र बरेच काही म्हणाले! रक्तवाहिनीचे आतले अस्तर धड असते तोवर त्यावर रक्त गोठत नाही. स्टेंट बसवताना ते खरचटते. पुन्हा भरून येईपर्यंत तिथे गुठळी धरायची भीती, आणि गुठळीने वाट अडली की झटका.

घरी येऊन मी जुनी पुस्तके काढली. (इतिहासाचा मास्तर दुसरे काय करणार?)

सेवाग्रामचे महादेवभाई देसाई यांना ९ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत पकडले आणि पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवले. १५ ऑगस्टला हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. वय अवघे ५०. डॉ. सुशीला नय्यर तिथेच कैदेत होत्या. पण त्यांच्या हाताशी होते काय? अ‍ॅस्पिरिन १८९९ पासून बाजारात होते, पण ते डोकेदुखीसाठी. काही जंतू रक्ताची गुठळी विरघळवतात हे अमेरिकेत विल्यम टिलेट यांना १९३३ मध्येच दिसले होते. त्यातूनच पुढे स्ट्रेप्टोकायनेज हे औषध आले. परंतु हृदयाच्या रोग्यांवर त्याचा वापर व्हायला १९५८ उजाडले. आणि साधी अ‍ॅस्पिरिनची गोळी झटक्यानंतर जीव वाचवते, हे १७,१८७ रोग्यांच्या अभ्यासातून पक्के झाले १९८८ मध्ये! औषध घरात होते, उपयोग ठाऊक नव्हता. सुशीलाबाईंनी १९६९ मध्ये सेवाग्रामला मेडिकल कॉलेज काढले. त्याचा आणि त्या दिवसाचा संबंध मी जोडत नाही, पण रुग्णालयाच्या फाटकावरून जाताना आठवण येतेच.

दुसरी आठवण पवनारची. नोव्हेंबर १९८२ मध्ये विनोबांना हृदयविकाराचा झटका आला. वय ८७. त्यांनी औषध आणि अन्न दोन्ही नाकारले आणि १५ नोव्हेंबरला, ऐन दिवाळीत, देह ठेवला. शाळेला सुट्टी होती, आम्ही तिघे शिक्षक सायकलने गेलो होतो. धामच्या काठी माणसेच माणसे. त्यांचे नाकारणे पूर्ण विचाराने होते. माझे चार दिवस निव्वळ कंटाळ्याचे. दोन्हींची तुलना करताना मलाच लाज वाटली. असो.

गोळीची अडचण अशी की ती साऱ्या अंगाचे रक्त राखते. दुखणे बोटभर जागेचे आणि रक्त येते हिरडीतून. म्हणून शास्त्रज्ञांनी विचार केला, की जखमी जागेच्या पेशींनाच हे काम शिकवले तर? १९९० मध्ये मिशिगन विद्यापीठात एलिझाबेथ नेबेल आणि सहकाऱ्यांनी डुकराच्या रक्तवाहिनीच्या भिंतीत बाहेरचा जनुक नेऊन चालवून दाखवला. पुढे १९९६ मध्ये उंदरांच्या मानेतल्या जखमी रक्तवाहिनीत एक जनुक घातला. तो कशाचा, तर हिरुडिनचा, म्हणजे जळवेच्या लाळेतल्या द्रव्याचा!

हे वाचून मी उडालोच. लहानपणी आमच्या गावात सुजलेल्या पायाला जळवा लावत. जळू सुटली तरी रक्त थांबत नसे, मग आजी हळद दाबून धरी. का थांबत नाही, हे कुणालाच सांगता येत नव्हते. तेच हे हिरुडिन.

एवढे होऊनही हा उपाय अजून रुग्णालयापर्यंत पोचलेला नाही. जनुक वाहून नेण्यासाठी जो विषाणू वापरतात, त्यानेच भिंतीला सूज येते, आणि जनुकाचे काम थोड्या दिवसांत मंदावते. माझ्या वयात तो मिळेल असे वाटत नाही. नातवाला कदाचित.

तोवर गोळ्या. सौ.ने आता वारांची नावे लिहिलेली डबी आणली आहे. आज गुरुवारचा कप्पा रिकामा आहे, तिने जेवणाआधीच तपासला.