चुन्यापासून चकाकीपर्यंत

पुण्याच्या वाड्यांतल्या भिंतींना पूर्वी चकाकी नव्हतीच. दिवाळीआधी चुन्याची कळी विरवायची, त्यात थोडी नीळ, चिकटपणासाठी डिंक किंवा सरस, आणि कुंच्याने हात द्यायचे. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून चुना घट्ट होई. तरी भिंतीला टेकलं की पाठ पांढरी व्हायचीच. आमची आजी त्यावरून मुलांना रागवायची, चुन्याला कधीच नाही.

लाकडाचं मात्र वेगळं. दारं-खिडक्यांना जवसाच्या तेलातला रंग, तोही चकचकीत, कारण पावसाळा लाकडाला सोडत नाही. रंगात तेल जास्त, भुकटी कमी असली की पृष्ठभाग गुळगुळीत वाळतो आणि उजेड परततो. हे रंगाऱ्यांना पुस्तकाविना ठाऊक होतं.

मग चाळींचे जिने, शाळा, कचेऱ्या यांच्या भिंतींना खालून कमरे-छातीपर्यंत ऑइल पेंटचा पट्टा आला. वर चुना किंवा डिस्टेंपर, खाली तेलकट हिरवा वा तपकिरी. डोक्याच्या तेलाचे डाग फडक्याने पुसता येत. दिसायला भयाण, पण मला ती योजना अजून शहाणपणाची वाटते.

मुंबईत १९४२ साली चार मित्रांनी एशियन पेंट्स ही रंगांची कंपनी सुरू केली; १९५४ मध्ये व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांनी तिच्यासाठी गट्टू हा शुभंकर मुलगा काढला. पुढे प्लास्टिक इमल्शन आलं आणि दिवाणखान्याची भिंतही चमकू लागली. पण चकाकी चुगलखोर: लांबी (पुट्टी) नीट भरली नसेल, तर बाजूच्या दिव्यात प्रत्येक उंचवटा दिसतो. म्हणून जुन्या, ओबडधोबड भिंतीला मॅटच बरा.