नीरेच्या खोऱ्यातील पाणी, ऊस आणि ऊर्जा: एका अभ्यासपरंपरेचा इतिहास

पर्यावरण नियोजन, म्हणजे जमीन, पाणी व वनस्पती यांच्या सोसण्याच्या मर्यादा ध्यानात घेऊन विकासाची आखणी करणे, आणि शाश्वत ऊर्जाधोरण, म्हणजे पुढील पिढ्यांचा वाटा न संपवता ऊर्जा कशी मिळवावी व वाटावी याचा विचार, हे विषय विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत स्वतंत्रपणे स्थिरावले ते विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत. मात्र ज्या प्रश्नांतून ते जन्मले ते प्रश्न पुणे जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, बारामती व इंदापूर तालुक्यांत, त्याआधी शंभर वर्षे शेतातच उभे राहिले होते. इंदापूर तालुक्यातील लासुर्णे, एका बाजूला भवानीनगरचा सहकारी साखर कारखाना आणि दुसऱ्या बाजूला वालचंदनगर यांच्या मधल्या उसाच्या पट्ट्यात वसलेले हे गाव, या इतिहासाच्या ऐन मध्यावर येते.

हा प्रदेश पर्जन्यछायेचा आहे. सह्याद्रीने अडवलेल्या ढगांतून येथे वर्षाला सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपासच पाऊस मिळतो. बारामती तालुक्यातील सुपे येथे १८७५ मध्ये सावकारांविरुद्ध उठलेला शेतकऱ्यांचा उद्रेक आणि पाठोपाठ आलेला १८७६-७७ चा दुष्काळ यांनी कोरडवाहू शेतीची असहायता सरकारच्या नजरेस आणली. दुष्काळी कामांतून नीरा डाव्या कालव्याच्या खोदाईला गती मिळाली, येळवंडी नदीवर भाटघरचे धरण बांधण्यात आले आणि वीर येथील बंधाऱ्यातून निघून पुरंदर, बारामती व इंदापूर तालुक्यांतून दीडशे किलोमीटरहून अधिक अंतर जाणारा हा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला. ज्वारी-बाजरीला दुष्काळात आधार द्यावा हा त्यामागचा मूळ हेतू होता. परंतु पावसाच्या वर्षी शेतकऱ्याला ज्वारीसाठी विकतच्या पाण्याची गरज भासत नसे, बारमाही पाण्याचे मोल देणारा परतावा उसातच मिळे, आणि पाणीपट्टीच्या वसुलीकडे पाहणाऱ्या सरकारलाही ऊसच सोयीचा वाटला. संरक्षक सिंचनाची योजना अशा रीतीने काही दशकांतच नगदी पिकाची योजना बनली.

या बदलाची पर्यावरणीय किंमत लवकरच दिसू लागली. निचरा नसलेल्या काळ्या जमिनीत वर्षभर पाणी मुरत राहिले की भूजलाची पातळी वर चढते, त्यात विरघळलेले क्षार पाण्याबरोबर पृष्ठभागाशी येतात आणि पाणी उडून गेल्यावर मातीतच साठतात. जमीन आधी पाणथळ, मग खारवट व शेवटी चोपण होते. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य व रसायनशास्त्रज्ञ हॅरॉल्ड मॅन यांनी व्ही. ए. ताम्हणे यांच्यासह नीरा खोऱ्यातील या खारवट जमिनींचा अभ्यास करून १९१० मध्ये मुंबई इलाख्याच्या कृषी खात्यातर्फे स्वतंत्र पुस्तिका प्रसिद्ध केली. एका सार्वजनिक प्रकल्पाचे जमिनीवर होणारे परिणाम शास्त्रीय पद्धतीने मोजणारे हे लेखन म्हणजे आजच्या परिभाषेतील पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यांकनाचा या भागातील आरंभकालीन नमुना होय.

याच काळात मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी मुंबई इलाख्याच्या सेवेत असताना नीरा कालव्यासाठी ब्लॉक पद्धत सुचवली. ठरावीक क्षेत्राचे गट पाडावेत, प्रत्येक गटात उसाचे प्रमाण मर्यादित ठेवावे, पिकांची फेरपालट सक्तीची करावी आणि तेच पाणी अधिक गावांत पसरवावे, असे तिचे स्वरूप होते. महसूल, जमिनीचे आरोग्य आणि समन्याय यांचा एकत्र विचार तीत होता. तथापि ऊस रोखणारी तिची बाजू बाजारभावापुढे टिकू शकली नाही. पुढे १९१६ मध्ये सुरू झालेल्या खास सिंचन विभागात अभियंते क्लॉड इंग्लिस यांनी दख्खनच्या कालव्यांवरील निचऱ्याचे संशोधन चालवले आणि चर काळ्या मातीखालच्या मुरमाच्या थरापर्यंत पोहोचला तरच तो पाणी खेचतो, हे दाखवून दिले. हाच विभाग वाढत जाऊन खडकवासल्याचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र झाला.

भाटघरचे नवे, अधिक उंच धरण १९२८ मध्ये पूर्ण झाले आणि त्यानंतर उसाची पकड पक्की झाली. वालचंद हिराचंद यांनी कळंबच्या परिसरात उभारलेली ऊसशेती व कारखाना यांतून वालचंदनगर वसले, तर स्वातंत्र्यानंतर माळेगाव, सोमेश्वरनगर व भवानीनगर येथे सहकारी कारखाने निघाले. विजेचे पंप आल्यावर कालव्याच्या पाण्याला विहिरीच्या पाण्याची जोड मिळाली. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून राज्यात शेतीपंपांना मीटरऐवजी अश्वशक्तीवर आधारित ठोक दर लागू झाला, म्हणजे पंप दिवसाला किती तास चालला याचा बिलाशी संबंध उरला नाही. त्यामुळे जो प्रश्न पाण्याचा होता तो विजेचाही झाला, मात्र पाटबंधारे खाते, वीज मंडळ आणि साखर कारखाना हे तिघेही आपापला हिशोब वेगळा ठेवत राहिले.

हे हिशोब एकत्र आणणारे काम मुख्यतः विद्यापीठांबाहेरच्या लहान संस्थांत झाले. नीरेच्या पलीकडे फलटण येथे बी. व्ही. निंबकर यांनी १९६८ मध्ये निंबकर कृषी संशोधन संस्था स्थापन केली होती. फ्लोरिडा विद्यापीठातून पीएच.डी. मिळवलेले अनिल राजवंशी १९८१ मध्ये तेथे आले आणि अमेरिकेतील प्राध्यापकी बाजूला ठेवून एका तालुक्याच्या गावी त्यांनी संशोधनाची कारकीर्द घडवली. गोड ज्वारीपासून इथेनॉल, ते शुद्ध करण्यासाठी सौर ऊर्ध्वपातन, आणि उसाच्या पाचटापासून ज्वलनशील वायू बनवणारे वायूकरण संयंत्र हे त्यांच्या कामाचे प्रमुख टप्पे. त्याहून दूरगामी ठरला तो त्यांचा नियोजनविचार: एका गावाचे क्षेत्र ऊर्जाप्रकल्पासाठी अपुरे आणि जिल्हा फार मोठा, म्हणून शेतीतील अवशेषांवर वीज व इंधन निर्माण करण्याचे योग्य एकक तालुका होय, ही मांडणी त्यांनी फलटण तालुक्याच्या अभ्यासावरून केली आणि २००२ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकातील लेखात ती विस्ताराने मांडली. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री देण्यात आली.

दुसरा प्रवाह पुण्यात वाढला. मुंबईच्या आयआयटीत शिकलेले गिरीश संत यांनी सहकाऱ्यांसह १९९४ मध्ये ‘प्रयास’ ही संस्था उभी केली. महाराष्ट्राची विजेची गरज कमीत कमी खर्चात कशी भागेल याचा आराखडा, एन्रॉन कंपनीच्या दाभोळ वीजप्रकल्पाच्या कराराचे आर्थिक विश्लेषण, आणि १९९६ मध्ये शंतनू दीक्षित यांच्यासह केलेला शेतीपंपांच्या अनुदानाचा अभ्यास यांतून ऊर्जाधोरण हा तांत्रिक तज्ज्ञांपुरता नसून सार्वजनिक चर्चेचा विषय आहे, हे त्यांनी सिद्ध केले. राज्याच्या वीज नियामक आयोगापुढील सुनावण्यांत वीज मंडळाच्या शेतीवापराच्या आकड्यांआड बरीच गळती दडलेली असल्याचे उघड झाले, त्यामागे अशा विश्लेषणाची तयारी होती. संत यांचे २०१२ मध्ये अकाली निधन झाले.

त्यानंतरच्या काळात कारखान्यांनी चिपाडांवर सहवीजनिर्मिती, म्हणजे त्याच वाफेवर साखर व वीज दोन्ही करणे, वाढवली. पेट्रोलमधील मिश्रणासाठी इथेनॉलची मागणी आली. आणि २०१७ च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेने पंपांना दिवसा वीज देण्याचा मार्ग दाखवला. या तिन्ही गोष्टी स्वच्छ ऊर्जेच्या खात्यावर जमा होतात, परंतु पहिल्या दोहोंच्या मुळाशी ऊस असून उसाच्या मुळाशी कालव्याचे पाणी आहे, आणि तिसरीमुळे उपसा स्वस्त व निर्वेध होत असेल तर भूजलाची नोंद तिच्याच शेजारी असावी लागते. मॅन यांच्या पुस्तिकेपासून राजवंशींच्या तालुका आराखड्यापर्यंतचा इतिहास हेच सांगतो की या खोऱ्यात जेव्हा जेव्हा पाणी, पीक व ऊर्जा यांचे मोजमाप वेगवेगळ्या कार्यालयांत झाले तेव्हा एका खात्याचा नफा दुसऱ्या खात्याच्या तोट्यातून आला. म्हणून बारामती-इंदापूर परिसरातील महाविद्यालये, कृषी विज्ञान केंद्र व साखर कारखाने यांनी पाणी, क्षार, वीज व अवशेष यांचा तालुकावार संयुक्त ताळेबंद दरवर्षी तयार करून लोकांपुढे ठेवावा. या विषयात कारकीर्द करू पाहणाऱ्या तरुण अभ्यासकाला त्याहून निकडीचे काम या भागात दुसरे नाही.