दगड राजाचा, लाकूड जंगलाचे: चांद्याच्या प्रवेशद्वारांचा इतिहास

वैनगंगा, वर्धा आणि प्राणहिता या नद्यांच्या खोऱ्यांत पसरलेल्या चांदा (आजचे चंद्रपूर) मुलखात, म्हणजे 26 ऑगस्ट 1982 रोजी गडचिरोली वेगळा होईपर्यंत जो एकच जिल्हा होता त्या प्रदेशात, घडणीचा दगड आणि उत्तम सागवान या दोन्ही गोष्टी हाताशी असूनही, कोरीव दगडाची चौकट आणि तीत बसवलेली नक्षीदार सागवानी कवाडे असे प्रवेशद्वार सामान्य शेतकऱ्याच्या घराला किंवा वाडीला क्वचितच लाभले. याचे कारण कारागिरीच्या अभावात शोधणे चुकीचे ठरेल. दगड खाणीतून काढून घडवून घेण्याचे बळ कोणापाशी होते आणि उभा साग तोडण्याचा हक्क कोणाला होता, या दोन प्रश्नांची उत्तरे काळानुसार बदलत गेली आणि त्या बदलांबरोबरच येथील दरवाज्याचे रूपही बदलले. म्हणून येथील प्रवेशद्वाराचा इतिहास वास्तुशैलीपेक्षा मालकीच्या अंगाने वाचला तर अधिक नीट उलगडतो.

दोन उभ्या शिळा आणि त्यांवर आडवी शिळा, ही द्वाराची सर्वांत प्राथमिक रचना या भागात जिवंतांच्या घरापूर्वी मृतांच्या स्मारकात दिसते. चिमूर तालुक्यातील हिरापूर येथे महापाषाणयुगीन शिलाप्रकोष्ठ, म्हणजे मोठ्या शिळा उभ्या करून त्यांवर छतशिळा ठेवलेल्या कोठड्या, आजही उभ्या आहेत. आणि भामरागडच्या बाजूस माडिया समाजात मृतांच्या स्मरणार्थ शिळा उभारण्याची प्रथा अलीकडच्या काळापर्यंत चालत आली आहे. या दोहोंत थेट वारसा जोडण्याचा मोह अनेकांना होतो. मधल्या दीर्घ कालखंडाचा दुवा हाती नसताना तो आवरलेला बरा. इतके मात्र म्हणता येते की टिकावे असे जे वाटले त्यासाठी येथील माणसाने दगड वापरला आणि राहत्या घरासाठी लाकूड, बांबू व माती.

घडीव दगडाच्या द्वाराचा पहिला परिपक्व आविष्कार चामोर्शी तालुक्यातील मार्कंडादेव येथे, वैनगंगेच्या काठावरील मंदिरसमूहात पाहावा लागतो. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी 1870 च्या दशकात मध्यप्रांताचा दौरा करताना या मंदिरांची नोंद केली आणि त्यांच्या शिल्पसमृद्धीची तुलना खजुराहोशी केली. मंदिरद्वाराची परिभाषा येथे समजून घेणे उपयोगाचे आहे, कारण पुढे वाड्यांच्या लाकडी चौकटींनी तीच रचना आपापल्या ऐपतीप्रमाणे उचलली. दाराच्या दोन्ही बाजूंना उभ्या कोरीव पट्ट्या असतात, त्यांना शाखा म्हणतात आणि त्यांच्या संख्येवरून द्वार त्रिशाख, पंचशाख असे ओळखले जाते. वरच्या आडव्या शिळेला उत्तरांग, तिच्या मध्यभागी कोरलेल्या देवतेच्या प्रतिमेला ललाटबिंब आणि पायाशी असलेल्या उंबरठ्याच्या शिळेला उदुंबर म्हणतात. घरांच्या चौकटीवर दिसणारी गणेशपट्टी ही याच ललाटबिंबाची धाकटी बहीण होय. वालुकाश्म, म्हणजे वाळूचे कण दाबले जाऊन बनलेला खडक, ताजा असताना छिन्नीला तुलनेने सहज वश होतो. पण आडव्या शिळेवर वरून भार आला की तिच्या खालच्या अंगास ताण बसतो आणि ताण सोसण्याची शक्ती दगडात फार कमी असते. त्यामुळे शिळेने झाकलेले द्वार अरुंदच ठेवावे लागते. देवळाच्या गाभाऱ्याला त्याने काही अडत नाही. बैलगाडी, घोडेस्वार किंवा अंबारीसह हत्ती जिथून जायचा त्या दरवाज्याला मात्र एकतर कमान हवी किंवा लाकडाची तुळई हवी.

कमानीचा मार्ग गोंड राजांनी स्वीकारला. परंपरेनुसार खांडक्या बल्लाळशहाने पंधराव्या शतकात बल्लारपूरहून राजधानी हलवून चांदा वसवले; कुत्र्याच्या मागे लागलेल्या सशाच्या धावेवरून तटाची रेषा आखली गेली, ही कथा शहरात आजही सर्वांना ठाऊक आहे. कथा बाजूस ठेवली तरी उरते ते वालुकाश्माचे विस्तीर्ण तटबंदीचे कडे, आणि त्यात उत्तरेस जटपुरा, पूर्वेच्या अंगास अंचलेश्वर, दक्षिणेस पठाणपुरा व पश्चिमेस बिनबा असे चार दरवाजे, तसेच बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसाण अशा पाच खिडक्या. येथे खिडकी म्हणजे तटातून पायी जाण्यापुरते ठेवलेले लहान दार. त्यांची नावे नुसती वाचली तरी नगररचनेचा एक आराखडा समोर येतो: देवाला जाण्याची वाट वेगळी, प्रेत नेण्याची वाट वेगळी, आणि चोरखिडकी तर आपले काम नावातच सांगते.

या दरवाज्यांवरील खरी सजावट एकच आहे आणि ती पुनःपुन्हा येते: हत्तीला नमवणारा सिंह किंवा शार्दूल. गजशार्दूल म्हणून ओळखले जाणारे हे चिन्ह गोंड राजसत्तेची मुद्रा मानले जाते. जिवती तालुक्यातील माणिकगडाच्या दरवाज्यावर मात्र नागाचे चिन्ह आढळते आणि त्यावरून तो किल्ला गोंडांपूर्वीच्या नागवंशीय राजांचा मानण्याची परंपरा आहे. दोन्ही ठिकाणी शिल्पाचे काम अलंकरणापेक्षा नाममुद्रेचे आहे. मार्कंड्याच्या शाखांवर तसूभर जागा मोकळी न सोडणारा शिल्पी आणि चांद्याच्या सपाट भिंतीत नेमक्या जागी एकच पशुयुग्म बसवणारा शिल्पी यांच्या रुचीत मोठे अंतर आहे. दुसऱ्याचा संयम कमी कौशल्याचा पुरावा समजला जातो, तो अन्याय आहे. लांबून येणाऱ्याला घोड्यावरून ओळखता यावे ते चिन्ह मोठे, ठळक आणि एकटेच असायला हवे, हे त्या पाथरवटाला चांगले कळत होते.

दरवाज्याची लाकडी बाजू, म्हणजे कवाडे, या इतिहासात सर्वांत कमी टिकली, तरी तिची रचना समजणे अवघड नाही. जुन्या दरवाज्यांना बिजागरी नसे. कवाडाच्या एका कडेला वर आणि खाली गोल खुंट्या ठेवत, त्यांना चूळ म्हणतात, आणि त्या दगडात खोदलेल्या उखळीत फिरत. बंद कवाडांमागे भिंतीतल्या खाचेतून ओढून घ्यायचा जाड सोटा म्हणजे अडसर, मोठ्या कवाडातच कापलेले माणसापुरते लहान दार म्हणजे दिंडी, आणि आतल्या बाजूस पहारेकऱ्यांसाठी केलेली बसण्याची जागा म्हणजे देवडी. फळ्या जोडणारे खिळे आणि पट्ट्या यांसाठीही चांद्याला बाहेर पाहावे लागत नव्हते, कारण लोहारा, देऊळगाव, पिंपळगाव या परिसरातील लोखंडी दगड स्थानिक भट्ट्यांत वितळवण्याचा उद्योग एकोणिसाव्या शतकापर्यंत चालू होता. एवढी तयारी असूनही 1818 च्या मे महिन्यात इंग्रजांच्या फौजेने चांदा घेतले ते कोणताही दरवाजा फोडून नव्हे. तोफांनी तटालाच खिंडार पाडून फौज आत शिरली आणि किल्लेदार गंगासिंग लढताना मारला गेला. दरवाजा हा संरक्षणाचा मुख्य भाग उरला नाही, हे त्या दिवशी सिद्ध झाले. त्यानंतर बांधल्या गेलेल्या दरवाज्यांचे प्रयोजन वेगळे होते.

ते प्रयोजन म्हणजे प्रतिष्ठा, आणि तिचा वाहक म्हणजे मालगुजार. 1853 मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर आणि 1861 मध्ये मध्यप्रांत हा वेगळा प्रांत झाल्यावर, 1860 च्या दशकातील जमाबंदीत गावाचा सारा वसूल करणाऱ्यांना गावाच्या मालकीचे हक्क मिळाले; या पद्धतीस मालगुजारी म्हणतात. पूर्वेकडे अहेरीसारख्या जमीनदाऱ्या होत्या, त्यांचे हक्क याहूनही मोठे होते. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, आरमोरी या भातशेतीच्या झाडीपट्टीत मालगुजाराचा वाडा हे गावातले बहुधा एकमेव असे घर असे ज्याला दगडी जोते, सागवानी म्याल (तुळई) आणि गाडी आत जाईल एवढा दरवाजा असे. दगड आणि लाकूड येथे प्रथमच एका खाजगी माणसाच्या दारात एकत्र आले, आणि त्यांची वाटणी हवामानाने ठरवून दिली. येथील पावसाळा जोराचा आणि जमिनीत उधई, म्हणजे वाळवी, सर्वत्र. म्हणून जमिनीपासून गुडघ्यापर्यंत किंवा कमरेपर्यंत दगड आणि त्याच्यावर लाकूड ही मांडणी रूढ झाली. उंबऱ्याखाली शिळा, चौकटीच्या पायांखाली दगडी बैठक, आणि माथ्यावर पागोळ्या चौकटीपासून दूर पडाव्यात म्हणून पुढे काढलेला कवेलूंचा उतार. सागाचा गाभा त्यातील तेलामुळे उधईला दाद देत नाही, पण सालीलगतचे कोवळे पांढरे लाकूड तिला आवडते. म्हणून जाणता सुतार चौकटीसाठी फक्त गाभा घेई आणि तो दोन-तीन पावसाळे सावलीत मुरवूनच कापी. सागाची ऐपत नसलेला बिजा किंवा ऐन वापरी. नक्षी असे ती मुख्यत्वे गणेशपट्टीवर आणि चौकटीच्या कोपऱ्यांवर. कवाडाच्या फळ्या बहुधा साध्याच ठेवल्या जात.

शेतकऱ्याच्या वाडीचे फाटक याहून अगदी निराळे होते. दोन खांब रोवून त्यांना समोरासमोर भोके पाडायची आणि त्यांत आडवे बांबू सरकवायचे, किंवा बांबूच्या कांबींची विणलेली ताटी एका खांबाला दोरीने बांधायची, एवढ्यावर काम भागे. तरीही सजवलेल्या दारातून जाण्याचा मान साऱ्या गावाला वर्षातून एकदा अनुभवता येई, तो पोळ्याच्या दिवशी. गावाच्या आखरावर, म्हणजे गुरे जमण्याच्या मोकळ्या जागेवर, दोन खांबांमध्ये आंब्याच्या पानांचे तोरण बांधले जाते, त्याखाली बैलजोड्या उभ्या राहतात, झडत्या, म्हणजे पोळ्याच्या काव्यपंक्ती, म्हटल्या जातात, आणि मानाची जोडी तोरणाखालून पुढे गेली की पोळा फुटतो. तो मान पूर्वी मालगुजाराच्या किंवा पाटलाच्या बैलांचा असे. दोरी आणि पाने यांचा हा दरवाजा एका दिवसापुरता असतो, तरी त्यातून आधी कोण जाईल हा प्रश्न चांद्याच्या दगडी वेशीइतकाच गंभीर मानला गेला आहे.

सागाच्या हक्काची कहाणी मात्र उलट दिशेने, अधिकाधिक बंदिस्त होत गेली. 1865 आणि 1878 च्या वनकायद्यांनी सरकारी जंगलांची आखणी झाली, आलापल्लीचा साग सरकारी उत्पन्नाचा मोठा आधार बनला, आणि ज्यांच्या परंपरागत वापरात ती झाडे होती त्यांना निस्तार, म्हणजे घरगुती गरजेपुरते सरपण, बांबू व इमारती लाकूड घेण्याची मुभा, एवढ्यावर थांबावे लागले. 1950 च्या कायद्याने मालगुजारी व जमीनदारी संपली आणि त्यांची जंगलेही शासनाकडे गेली. वाड्यांना नवे सागवान मिळण्याचा सोपा मार्ग तेथेच बंद झाला. पुढे 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्याने स्वतःच्या शेतातील साग तोडण्यासही परवानगी आवश्यक झाली, आणि 1969 च्या कायद्याने आदिवासी खातेदाराच्या झाडांच्या विक्रीवर, ठेकेदारांकडून होणारी त्याची लूट थांबवण्याच्या हेतूने, शासकीय देखरेख आली. हेतू चांगला होता, परंतु परिणाम असा झाला की सागाच्या प्रदेशातील माणसाने सागाची चौकट बसवणे संशयास्पद ठरले.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाचा अनुभव याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. 1980 च्या दशकात तेथील गोंड ग्रामस्थांनी गोटुल, म्हणजे तरुणांच्या व गावाच्या सामूहिक जीवनाचे घर, परंपरेप्रमाणे सागाच्या खांबांवर पुन्हा उभारले, तेव्हा लाकूड बेकायदेशीर ठरवून वनखात्याने ते उतरवले. त्यावर आसपासच्या गावांनी आपापल्या ठिकाणी गोटुल उभारून उत्तर दिले. पुढे 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांत मेंढा गणले गेले. एका इमारतीच्या खांबांवरून सुरू झालेला हा वाद जंगलाच्या मालकीपर्यंत पोहोचला, यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. वाद आरंभापासून मालकीचाच होता.

सागाची कीर्ती मात्र उतरली नाही. मार्च 2023 मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी लागणारे सागवान बल्लारपूरहून समारंभपूर्वक रवाना झाले आणि त्यासाठी चंद्रपुरात शोभायात्रा निघाली. त्यावर नक्षी कोरणारे हात मात्र दक्षिणेतले होते. ज्या मुलखातून दारांचे लाकूड जाते तेथे दार घडवणारे सुतार आता बहुतेक पलंग आणि कपाटे बनवतात, ही बाब त्या समारंभात कोणी विचारात घेतल्याचे दिसले नाही. चांद्याच्या तटबंदीच्या वाट्याला निदान इतके आले की 2017 मध्ये इको-प्रो या स्थानिक संस्थेच्या स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षांची झाडी आणि कचरा काढून बुरूज पुन्हा चालण्याजोगे केले. जटपुरा दरवाज्यातून आजही वाहने जातात आणि वाहतुकीची कोंडी होते.

आज ताडोब्याच्या वाटेवर किंवा मूल, चिचपल्लीच्या बाजूस शेतवाडी घेऊन तिला दगड आणि लाकडाचे प्रवेशद्वार योजणारा माणूस बहुधा सिमेंटचे खांब उभे करून त्यांवर दगडाच्या पातळ चकत्या चिकटवतो आणि मध्ये लोखंडी फाटक लावतो. चकत्यांमागे पाणी शिरले की त्या काही पावसाळ्यांत सुटू लागतात. घडीव वालुकाश्माचा पाया, त्यावर सागाच्या किंवा बिजाच्या गाभ्याची चौकट आणि माथ्यावर कवेलूंची लहान उतरण ही मालगुजारी वाड्याची जुनी मांडणी त्याला अजूनही उपलब्ध आहे, आणि खर्चाने ती वाटते तेवढी दूर नाही. त्यासाठीचे सागवान तो वनविभागाच्या आगारातील लिलावात घेऊ शकतो, किंवा स्वतःच्या बांधावरचे झाड तोडण्याची परवानगी मागू शकतो. दोन्ही प्रकारांत लाकूड वाडीपर्यंत आणण्यासाठी वाहतूक परवाना लागतो आणि चौकट उभी राहिल्यावरही तो कागद घरात जपून ठेवावा लागतो.