गुण आला, हें ओळखावें कसें?

औषधाचा गुण रोग्याला आपोआप कळतो, अशी आपली समजूत आहे. ताप उतरला, ठणका थांबला, कीं वैद्याचें काम झालें! १७६३ सालीं एडवर्ड स्टोन या इंग्रज पाद्र्यानें विलोच्या सालीची पूड हिवतापाच्या सुमारें पन्नास रोग्यांना दिल्याचें कळविलें, तेव्हां त्याच्याजवळ याहून निराळी कसोटी नव्हती. अ‍ॅस्पिरिनचें घराणें या सालीपर्यंत पोंचतें.

पुढें हेंच अ‍ॅस्पिरिन, रक्ताची गुठळी होऊं नये म्हणून, हृदयविकारावर देऊं लागले, आणि ती कसोटी निकामी ठरली. जी गुठळी झालीच नाहीं, तिची वार्ता रोग्यानें द्यावी कशी?

१९६२ सालीं गुस्ताव्ह बॉर्न यांनीं एक सुरेख युक्ति प्रसिद्ध केली. रक्तांतील तांबडा भाग काढून उरलेला द्रव प्रकाशासमोर धरावयाचा. त्यांतील प्लेटलेट नांवाचे सूक्ष्म कण सुटे असतां तो गढूळ दिसतो. कांहीं द्रव्यें घालून ते एकमेकांस चिकटविले म्हणजे निवळतो, आणि प्रकाश अधिक पार जातो. निवळीचें बीं उगाळून गढूळ पाणी निवळविणाऱ्या आपल्या आज्यांना हा देखावा परका वाटला नसता. अ‍ॅस्पिरिन लागू पडलें असेल तर ही निवळण अपुरी राहते.

परंतु नळींतील द्रव म्हणजे रोगी नव्हे. एका पद्धतीनें नापास झालेला मनुष्य दुसरीनें पास होतो. उभी हयात परीक्षा घेण्यांत गेल्यामुळें मला याचें नवल वाटत नाहीं! शिवाय नापासांपैकीं कित्येकांनीं गोळी घेतलेलीच नसते. आणि मात्रा वाढवावी, तर पोटांत रक्तस्राव होण्याचें भय.

खरा निवाडा झाला तो माणसें मोजून. १९८८ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘आयसिस-२’ या प्रयोगांत हृदयविकाराचा झटका आलेले १७,१८७ रोगी होते. पांच आठवड्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनीं, अ‍ॅस्पिरिन न मिळालेल्यांपैकीं दर हजारीं ११८ दगावले, मिळालेल्यांपैकीं ९४. रोग्यांचे लहान गट पाडून पाहिल्यास कशी फसगत होते, हें दाखविण्यासाठीं संशोधकांनीं पाश्चात्त्य राशींप्रमाणेंही हिशेब मांडला. मिथुन आणि तूळ या राशींच्या रोग्यांना औषध किंचित् अपायकारकच भासलें!

म्हणून आजही डॉक्टर ही नळीची परीक्षा सरसकट करवीत नाहींत. हजारोंच्या हिशेबावर भरंवसा ठेवून ते गोळी देतात, आणि पुढच्या भेटींत ती रोज घेतली कीं नाहीं एवढें मात्र खोदून विचारतात.